एका घड्याळात दुसरं घड्याळ

जुनं घड्याळ दुकानात मनगटावरून क्वचितच येतं. ते रुमालात येतं, औषधाच्या रिकाम्या डबीत येतं, सराफाच्या गुलाबी कागदात येतं. एकदा तर बाळाच्या लोकरी मोज्यात घालून आणलं होतं. काउंटरवर ठेवताना माणूस बहुधा एकच वाक्य बोलतो, "ह्याच्यावर पैसे घालण्यात अर्थ आहे का बघा की." त्याला 'आहे' असंच ऐकायचं असतं, नाहीतर तो आलाच नसता. 'हो' म्हणणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम. पुष्कळ दुकानं त्याच्यावरच चालतात.

सांगलीत गणपती पेठेच्या मागे आमचं दुकान आहे. वडिलांनी टाकलं. मी शाळा सुटल्यावर त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसायचो आणि पुढे तिथेच राहिलो. त्या काळी मशीन धुवायला पेट्रोल, वाळवायला रबरी फुगा, तेल सोडायला घासून बारीक केलेली सुई, आणि वेळ लावायला रेडिओवरच्या बातम्यांआधीचे टोले. आज माझ्याकडे अल्ट्रासॉनिक मशीन आहे, टायमिंग मशीन आहे. पण वडिलांची एक शिस्त मी अजून सोडलेली नाही. मागचं झाकण उघडल्याशिवाय ते खर्चाचा आकडा सांगत नसत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, "अंदाजे तरी सांगा" म्हणो, ते भिंग डोळ्याला लावून गप्प बसायचे. लहानपणी मला तो आडमुठेपणा वाटायचा. नंतर कळलं की न उघडता सांगितलेला आकडा हा घड्याळाचा नसतो, समोरच्याच्या शर्टाचा असतो.

आमच्या भागात घरातलं जुनं घड्याळ म्हणजे दहातली आठ वेळा एचएमटी. बंगळूरच्या कारखान्यात १९६१ सालापासून, जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने, ही घड्याळं बनू लागली. जनता, पायलट, कोहिनूर, सोना, कांचन ही नावं एका पिढीला तोंडपाठ होती. त्याआधीची असतील तर स्विस, म्हणजे वेस्ट एंड, फावर-ल्यूबा, रोमर, कॅमी. एखादं लग्नात सासऱ्याने दिलेलं असतं. साखर कारखान्यातून, शाळेतून, जिल्हा परिषदेतून निवृत्त होताना मिळालेलं असलं तर झाकणावर नाव आणि तारीख कोरलेली असते. बायकांची घड्याळं मात्र फार कमी येतात. आजोबांचं घड्याळ येतं, आजीचं येत नाही, कारण बहुतेक आज्यांना ते कधी कुणी दिलंच नव्हतं. एचएमटीची एखादी सुजाता आली की मी जरा जास्त वेळ देतो. तिचं मशीन इवलंसं असतं, भाग मिळत नाहीत आणि पैसे सुटत नाहीत, तरीही.

आता अर्थ आहे की नाही, ते. आलेल्या घड्याळांपैकी पुष्कळांना मुळात काही झालेलंच नसतं. "चावी जास्त दिली म्हणून अडकलं" ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की समोरच्याचं वाक्य मी मनात पुरं करतो. चांगल्या घड्याळाची चावी पुरी भरली की ती पुढे फिरत नाही, एवढंच. कमान भरलेली आहे आणि तरी बॅलन्सचं चाक हलत नाही, म्हणजे आतलं तेल सुकून गोंद झालंय. वीस वर्षं कपाटात पडलेलं घड्याळ बंद पडणारच. वापरात असतं तरी चारपाच वर्षांनी त्याला धुऊन तेल द्यावं लागलं असतं.

दुसरी तक्रार अशी की घड्याळ अचानक तासाला दहा-दहा मिनिटं पुढे पळतं. म्हातारा माणूस म्हणतो, मशीन गेलं. मशीन जात नाही. हल्ली मोबाईलच्या कव्हरला, पर्सच्या बटणाला, स्पीकरला, सगळीकडे लोहचुंबक असतं. आतली केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग चुंबकाला भुलली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळत सुटतं. चुंबकत्व उतरवायला काही सेकंद लागतात. त्याचे पैसे घेताना मला लाज वाटते. आधी वाटायची नाही, कारण दुकानाचं भाडं होतं.

खरा प्रश्न येतो तो भाग मोडलेला असतो तेव्हा. बॅलन्सचा आस मोडला, चावीची दांडी गंजली, एखाद्या चाकाचा दात गेला. पूर्वी ह्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. कंपनीच्या पाकिटातून नंबराप्रमाणे भाग यायचा, जुना काढायचा, नवा बसवायचा. मग १९८७ मध्ये टायटनची क्वार्ट्झ घड्याळं बाजारात आली आणि आमचं काम हळूहळू सेल घालणं नि पट्टे बदलणं ह्यावर आलं. २०१४ मध्ये एचएमटीचा घड्याळ विभाग बंद होणार अशी बातमी आली. त्यानंतर काही महिने गंमतच झाली. ज्यांनी वीस वर्षं चावीच्या घड्याळाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ते दुकानात येऊन "जनता आहे का, पायलट आहे का" विचारू लागले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तो बंद करण्यावर शिक्कामोर्तब केलं. नव्या भागांचा उरलासुरला साठा मोठ्या व्यापाऱ्यांनी उचलला. आमच्यासारख्या लहान गावातल्या लोकांच्या हाती उरलं भंगार.

ह्या भंगाराबद्दल गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. आज कुणाचंही एचएमटी दुरुस्त होतं तेव्हा त्यात घातलेला भाग बहुतेक दुसऱ्या एचएमटीतून काढलेला असतो. ती दुसरी घड्याळं आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारातून, मुंबईच्या चोर बाजारातून, घरोघर फिरणाऱ्या भंगारवाल्याकडून घेतो. कधी नगावर, कधी मूठभर एकत्र. माझ्या टेबलाखाली बिस्किटांचे पत्र्याचे डबे आहेत, त्यात ती पडलेली असतात. ती उघडताना मागच्या झाकणावर 'सप्रेम भेट' दिसतं, 'चि. सौ. कां.' दिसतं, कुठल्या तरी सोसायटीचं नाव आणि साल दिसतं. म्हणजे तेही कुणाच्या तरी वडिलांचंच होतं. त्या घरात कुणी रुमालात बांधून दुकानात आणलं नाही, इतकाच फरक. किंवा आणलं असेल, आणि माझ्यासारख्याच कुणीतरी 'नाही होणार' म्हणून सांगितलं असेल.

त्यामुळे दुरुस्त करायचं की नाही हे ठरवताना मला एकाऐवजी दोन घड्याळांचा विचार करावा लागतो. ही जाणीव मला लगेच झाली नाही. बरीच वर्षं मी डब्यातल्या घड्याळांकडे निव्वळ माल म्हणून पाहत होतो. बदल झाला तो एका पायलटमुळे.

चाळिशीतला एक माणूस वडिलांचं पायलट घेऊन आला होता. काळी डायल, पांढरे आकडे, उत्तम स्थितीत. फक्त फरशीवर पडून बॅलन्सचा आस मोडला होता. तबकडीवर 'पॅराशॉक', म्हणजे धक्का सोसणारं, असं लिहिलेलं असलं तरी दगडी फरशीपुढे त्याचं दर वेळी चालतंच असं नाही. माझे वडील असते तर त्यांनी छोट्या लेथवर नवा आस कातला असता. माझा हात त्या कामात तेवढा बसला नाही, आणि आता डोळेही साथ देत नाहीत. डब्यात शोधलं. त्या मशीनला बसेल असा चांगला बॅलन्स एकाच घड्याळात सापडला, एका जनतात. पंचाईत अशी की ते जनता चालू होतं. आदल्याच आठवड्यात एका घराची आवराआवर करणाऱ्यांकडून आलं होतं. चावी दिली की लगेच चालायचं, आणि वेळही बरी ठेवायचं. माझा स्वतःचा नियम आहे की चालू होऊ शकणारं घड्याळ भागांसाठी फोडायचं नाही. हा नियम मी पाळतोही, पण समोर गिऱ्हाईक दुप्पट पैसे द्यायला तयार असतं तेव्हा नियम जरा हलतात.

मी त्या माणसाला दोन्ही घड्याळं दाखवली. जनताच्या झाकणावर एका प्राथमिक शिक्षकाचं नाव होतं आणि १९७८ साल. म्हटलं, ह्याच्यातून काढून तुमच्यात घालतो, पण हे मग संपलं. तो बराच वेळ दोन्ही उलटीसुलटी करत बसला. मला वाटलं, 'घाला' म्हणेल. तो म्हणाला, "हे कितीला द्याल?" त्याने ते जनता विकत घेतलं, तिथेच पट्टा घालून मनगटावर बांधलं, आणि वडिलांचं बंद पायलट खिशात टाकून गेला. वडिलांचं घड्याळ कपाटात राहील, म्हणाला, वापरायला हे. एका अनोळखी गुरुजींचं घड्याळ तो आता रोज वापरतो. दर दोन वर्षांनी सर्व्हिसिंगला येतो, तेव्हा झाकणावरच्या नावाने त्याची चौकशी करतो मी. "गुरुजी कसे आहेत?" "बरे आहेत, दिवसाला अर्धा मिनिट मागे पडतात."

ह्या माणसाने केलं ते दुरुस्त करणंही नव्हतं आणि बदलणंही नव्हतं. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला तिसरा रस्ता सांगायला लागलो. त्याच जातीचं चांगलं, चालू घड्याळ घ्या, दोन्ही ठेवा. काहींना पटतं. काहींना तो अपमान वाटतो, आणि तेही मला कळतं.

दुसरी एक गोष्ट मी शिकलो ती एसटीच्या एका कंडक्टरच्या घड्याळावरून. कंडक्टर वारल्यावर त्यांचा थोरला मुलगा परदेशातून आला होता. त्याला घड्याळ नव्यासारखं करून हवं होतं, केस घासून, काच बदलून, डायल चकचकीत. त्याच्याबरोबर आई होती. ती काउंटरपासून लांब, बाकावर बसलेली. केसच्या एका बाजूला ओळीने बारीक पोचे होते. मी मुलाला सांगत होतो की ही केस पितळेची आहे, वर क्रोम चढवलंय, घासली तर पितळ उघडं पडेल, आणि पोचे काढायचे तर परत मुलामा करावा लागेल. तेवढ्यात आई उठून आली आणि म्हणाली, "ते पेटीचे आहेत." तिकिटांची पेटी. आयुष्यभर गर्दीत ती त्या हाताशी अडकवलेली असायची आणि तिची कड तिथेच लागायची. मुलाला हे माहीत नव्हतं. आम्ही मशीन साफ केलं, तेल दिलं, काच बदलली. केसला हात लावला नाही.

त्यानंतर मी पावतीवर एक ओळ वाढवली. काय करायचं ह्याच्या आधी काय करायचं नाही ते लिहून घेतो. 'केस घासू नये.' 'डायल धुऊ नये.' 'काचेवरची चीर राहू द्यावी.' एका बाईंनी लिहायला सांगितलं, 'पट्ट्याचं चौथं भोक वाढवू नये.' घरच्या लोकांना हे ठरवायला वेळ लागतो. कधी दुकानातच भाऊ-बहिणींचं वाजतं. मी मध्ये पडत नाही, चहा सांगतो. पण ही ओळ लिहून झाली की बाकीचा निर्णय बहुधा आपोआप होतो. आणि काढलेला प्रत्येक जुना भाग, मोडका असला तरी, मी प्लास्टिकच्या पुडीत घालून परत देतो. त्याने दोन गोष्टी साधतात. घड्याळातलं काय गेलं ते घरच्यांना दिसतं, आणि मी खरंच बदललंय हेही.

डायलच्या बाबतीत मी फार कडक आहे आणि त्यामुळे गिऱ्हाइकंही गमावली आहेत. जुनी तबकडी पिवळी पडते, डाग येतात, लोकांना ते घाण वाटतं. मग ती मुंबईला पाठवून पुन्हा छापून घेतात. जुना रंग पूर्ण खरवडून वर नवा छाप मारायचा. 'जनता'चा ज थोडा जाड, मिनिटांच्या रेघा जरा वाकड्या, आणि रंग असा की मूळ कारखान्यात कुणी स्वप्नातही लावला नसता. नारंगी, पोपटी, दोन रंगांत अर्धी-अर्धी. इंटरनेटवर अशी घड्याळं जगभर विकली जातात. चार घड्याळांचं कडबोळं करून वर नवी डायल चढवलेल्या मालाला परदेशातले शौकीन 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते काही कौतुकाने म्हणत नाहीत. ज्याला नवं घड्याळ हवंय त्याने नवं घ्यावं. घरच्या घड्याळाचा चेहराच पुसून टाकायचा आणि वर पैसे द्यायचे, हे मला अजून समजलेलं नाही.

क्वार्ट्झचं मशीन बसवून द्या, ही मागणी तरुणांची. चावी देण्याचा त्रास नको, वेळ अचूक हवी. ऐकायला सोयीचं आहे, मशीनही काही शे रुपयांत मिळतं. होतं काय, ते सांगतो. डायलच्या मागे दोन बारीक पाय असतात, ते जुन्या मशीनच्या भोकांत बसतात. नव्या मशीनची भोकं वेगळ्या जागी. मग ते पाय कापायचे आणि डायल चिकटपट्टीने लावायची. काट्यांची भोकं वेगळ्या मापाची, म्हणून काटे बदलायचे. चावीची दांडी वर-खाली येते, म्हणून कधी केसचं भोकही वाढवायचं. एकदा हे केलं की परत मूळ मशीन बसवणं फार जिकिरीचं. जे नातवाला आवडलं ते त्याच्या मुलाला आवडेलच असं नाही, पण पाय तर कापलेले असतात. गंमत म्हणजे नव्वदीतल्या टायटनचं आख्खं मशीन काढून नवं घातलं तर कुणी एका शब्दाने विचारत नाही, बाबांचं घड्याळ ते बाबांचंच राहतं. आणि चावीच्या घड्याळातला एक स्क्रू बदलला तरी लोक हळवे होतात. असं का, ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

एका ठिकाणी मात्र मी हात वर करतो. फौजेतल्या आजोबांची, महायुद्धाच्या सुमाराची स्विस घड्याळं आमच्याकडे अधूनमधून येतात. ह्या पट्ट्यातून फौजेत गेलेली घरं पुष्कळ. त्यातल्या काहींचे आकडे आणि काटे अंधारात चमकायचे, ते रेडियमच्या रंगाने. आता चमकत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं रेडियम संपलं. संपत नाही. रेडियम निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. थकतो तो त्याच्याबरोबर मिसळलेला, प्रकाश देणारा पदार्थ. तो रंग खरवडून नवा भरा म्हणतात तेव्हा मी नाही म्हणतो. त्याची धूळ नाकातोंडात जाणं वाईट. काचेआड बंद आहे तोवर राहू द्या, घरी उघडू नका, मुलांना खेळायला देऊ नका. मशीन आतून बिघडलं असेल तरी अशा घड्याळावर पैसे घालू नका असंच मी सांगतो. चालू झालं नाही म्हणून त्याचं काही कमी होत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या पुढे गेलं. आमची पेठ पाण्यात होती, दुकानही. पाणी उतरल्यावर लोक आधी घरातला गाळ काढत होते, मग धान्य, मग कागदपत्रं. घड्याळ आठवायला कुणाला पंधरा दिवस लागले, कुणाला महिना. स्वच्छ पाण्यात पडलेलं घड्याळ लगेच उघडून वाळवलं तर वाचतं. नदीच्या गाळाच्या पाण्यात राहिलेलं, आणि मग बंद झाकणाच्या आत तसंच ठेवलेलं, सहसा वाचत नाही. बारीक गाळ चाकांच्या दातांत जातो, पोलादी भाग आधी गंजतात. चावीची दांडी, स्क्रू, कमान. पितळी चाकं राहतात. पुष्कळांनी घड्याळ तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं, मोबाईलला करतात तसं. त्याने ओल जात नाही, वर तांदळाची पूड आत जाते.

त्या दिवसांत मी जितक्यांना 'नाही' म्हटलं तितक्यांना आधी कधी म्हटलं नव्हतं. एक बाई नवऱ्याचं सोना घेऊन आल्या. उघडलं तर आत तांबडा चिखल. मी सांगितलं, चालणार नाही, उगाच खर्च करू नका. त्या रडल्या वगैरे नाहीत. "सोन्याचं आहे का हो?" म्हणून विचारलं. नव्हतं, वर नुसता मुलामा होता. मग म्हणाल्या, "तुम्ही घेता का?" त्यांच्या घराची एक भिंत पडली होती. मी भंगाराच्या भावापेक्षा बरे पैसे दिले आणि घड्याळ डब्यात टाकलं. पुढे त्यातली दोन पितळी चाकं कुपवाडच्या एका माणसाच्या वडिलांच्या घड्याळात गेली. त्याला मी सांगितलं, कुठून आली ते. तो म्हणाला, बरं झालं, पुरातलं काहीतरी उपयोगी पडलं. घड्याळ म्हणजे आठवण, असं मी पूर्वी गिऱ्हाइकांना सहज म्हणायचो. त्या बाईंनंतर ते म्हणायचं सोडून दिलं. काहींना आठवण परवडते, काहींना परवडत नाही.

नवं घ्या असं मी स्पष्ट सांगतो ते वापर बघून. मिरजेच्या इस्पितळातली एक नर्स आजोबांचं जनता रोज ड्यूटीवर घालायचं म्हणून आली होती. दिवसभरात वीस वेळा हात धुवायचे, सॅनिटायझर, पाणी. त्या काळच्या ह्या घड्याळांत पाणी अडवायची सोय नावालाच असते. मी तिला साध्या क्वार्ट्झकडे वळवलं. सेकंदकाटा ठळक, नाडी मोजायला बरा, आणि घड्याळ पाण्याला न घाबरणारं. आजोबांचं रविवारी घालते. लग्नमुंजीला घालणारे सगळ्यात जास्त, पण मग तीन-तीन वर्षं चावी दिली जात नाही आणि तेल पुन्हा सुकतं. महिन्यातून एकदा तरी चावी द्या, सांगतो. ऐकतात थोडे.

खर्चाचा हिशेब मी लपवत नाही. जनताच्या पुऱ्या सर्व्हिसिंगला माझी मजुरी लागते तेवढ्यात बाजारात नवं क्वार्ट्झ येतं, वर पट्टा फुकट. लोक हे ऐकून माझ्याकडे असं बघतात, की हा माणूस स्वतःच्या पोटावर पाय देतोय. थोडा देतो. पण ज्याने हे ऐकूनही घड्याळ ठेवलं तो पुन्हा कधी 'उगाच पैसे घातले' म्हणत नाही, आणि पाच वर्षांनी परत येतो.

माझ्यानंतर हे कोण करणार, असं हल्ली लोक विचारतात. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते, तिला ह्यात रस नाही आणि मी आग्रहही केला नाही. गेल्या वर्षापासून पॉलिटेक्निकचा एक मुलगा रविवारी येतो. युट्यूबवर बघून त्याने आईचं बंद पडलेलं घड्याळ उघडलं होतं, आणि एक स्प्रिंग उडून कुठे गेली ते शोधायला माझ्याकडे आला होता. हात हलका आहे त्याचा. चिमटा नीट धरतो, घाई करत नाही. मी त्याला टेबलाखालचा एक डबा काढून दिला आणि म्हटलं, ह्यातलं कुठलंही एक घड्याळ पूर्ण चालू करून दाखव, मग पुढचं शिकवतो. डबा घरी घेऊन गेला. दोन रविवार आलाच नाही. तिसऱ्या रविवारी सकाळी, मी शटर वर करतोय तोवर दारात हजर.

"काका, एक जवळजवळ झालंय," म्हणाला, "फक्त अजून दोन फोडावी लागतील."

"त्यांची झाकणं वाचलीस का?" मी विचारलं.

नव्हती वाचली. खिशातून दोन्ही काढली आणि उजेडात धरून वाचायला लागला.